दौंडला चालू, इनामगावात बंद

महेंद्रनं बटण दाबलं. आत पंखा घुमला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं उगवलं आणि गोल फिरायला लागलं. खोलीतली चारही माणसं कड्याकडं बघत राहिली. एक ठिपका दुसऱ्याच्या मागं, दुसरा तिसऱ्याच्या मागं, जणू कुणीतरी संथ पाण्यात बोट फिरवतंय आणि

पंखा घुमला, हिरवा दिवा लागला, कडं उगवलं. या वेळी बटण कुणी दाबलं नव्हतं. ते आपलं आपणच पुन्हा सुरू झालं होतं. कडं फिरायला लागलं आणि

पंखा घुमला, दिवा लागला, कडं

"बघितलं?" विक्रम म्हणाला. "एकोणीस दिस झालं. उगवतंय आन् मावळतंय. शिरूरला दुकानात नेला तर पयल्या झटक्यात चालू. घरी आणला की हे असं. दुकानदार म्हणला, मशीन ठणठणीत हाय, तुमच्या घरातच कायतरी असंल, लिंबू बांधा."

"बांधला का?" महेंद्रनं विचारलं.

"तानुआत्यांनी बांधला," विक्रमची बायको सुलक्षणा म्हणाली. "मागं बघा, वायरीला लटकतोय."

महेंद्रनं मागं बघितलं. लिंबू होता. सुकून सुपारीएवढा झाला होता.

घर इनामगावाच्या बाहेर, घोड नदीच्या बाजूला, उसाच्या मधोमध होतं. दुपारी वारा सुटला की चारही बाजूंनी ऊस वाजायचा आणि वाटायचं, घर कुठंतरी निघालंय, हळूहळू, कुणाला न सांगता. खोलीतलं चौथं माणूस खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसून ते ऐकत होतं. हे सर्जेराव, विक्रमचे वडील. सगळे त्यांना आप्पा म्हणत. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ गेली. समज जागच्या जागी राहिली, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट राहिलं. त्या बोटाला पेन धरवेना. मोबाइलवर ते थरथरायचं आणि एका वेळी तीन अक्षरं उठायची. मग विक्रमनं त्याच्या कारखान्याच्या ऑफिसातून काढून टाकलेला हा जुना कॉम्प्युटर आणला. सुलक्षणानं कीबोर्डच्या एकेका बटणावर मराठी अक्षराचं स्टिकर चिकटवलं. दोन महिन्यांत आप्पा बोलायला लागले. पडद्यावर, बोराएवढ्या अक्षरांत.

आता एकोणीस दिवस ते गप्प होते. शिरूरच्या व्यायामवाल्या मॅडमनी विक्रमला बजावलं होतं, बोट रोज चालू ठेवा, महिनाभर थांबलं तर शिकलेलं विसरेल, आणि दुसऱ्यांदा शिकेल याची मी खात्री देत नाही.

महेंद्रनं पिशवीतून मीटर काढलं आणि सॉकेटात दोन टोकं घातली. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट.

"लाइट तर बरोबर आहे," तो म्हणाला. "यूपीएस कुठंय?"

"मेला कवाच. त्याच्यावर गोळ्यांचा डबा ठेवलाय."

आप्पांच्या मांडीवर एक कार्ड होतं. कॉम्प्युटर बंद पडल्यावर मॅडमनी दिलेलं. त्यावर सहा चित्रं होती : ग्लास, ताट, कमोड, गोळी, खाट, पंखा. आप्पांनी ग्लासावर बोट ठेवलं. सुलक्षणानं पाणी दिलं. ते दोन घोट प्याले आणि पुन्हा ग्लासावर बोट ठेवलं. मग बोट खाली केलं, जमिनीकडं.

"अजून पायजे? का खाली ठिवू?" तिनं ग्लास जमिनीवर ठेवला.

आप्पांनी डोळे मिटले.

*

दौंडला महेंद्रच्या घरी कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

महेंद्र रेल्वेच्या सिग्नल खात्यात हेल्पर होता. सुट्टीच्या दिवशी लोकांचे कॉम्प्युटर बघायचा. बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचं टेबल होतं, टेबलावर स्क्रू, स्क्रूंमध्ये एक चहाचा कप. कडं फिरलं, मावळलं, पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. त्यानं आतली धूळ फुंकली, सगळ्या वायरी काढून पुन्हा बसवल्या, स्वतःच्या जुन्या मशीनमधला पॉवर सप्लाय काढून यात घातला. तरी सुरू. दहा वेळा बंद केलं, दहा वेळा सुरू.

पडद्यावर एकच फाइल होती. नाव : बोलणं.

"दुसऱ्याचं वाचू नये," त्याची बायको सीमा मागून म्हणाली.

"चालतंय का ते बघायला उघडली."

"चालतंय ना? मग कर बंद."

त्यानं बंद केली नाही. सीमा गेली नाही. ती खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली आणि वाचायला लागली, आधी मनात, मग कधी मोठ्यानं सुरू झालं ते तिलाही कळलं नाही.

*चहात साखर नाही. तुम्ही म्हणता आहे. नाही.*

*विक्रम दाढी कर.*

*मी रडत नाही. डावा डोळा गळतो.*

*खिडकी उघडी ठेवा. ऊस बोलतो ते ऐकतो. तो पण एकच गोष्ट सांगतो.*

*तानी फार बोलते. तिचा प्लग काढा.*

सीमा हसली. मग वाचत राहिली.

*सुलक्षणा भाकरी थापताना गुणगुणते. माझी खुर्ची वाजली की थांबते. थांबू नको.*

*काल स्वप्नात बोललो. आवाज माझाच होता. जरा घोगरा. वापरात नसल्यामुळं.*

*ती असती तर ह्यातलं काहीच लिहावं लागलं नसतं.*

पाठीमागून मालगाडी गेली. कप किणकिणला. फाइल लांबच लांब होती आणि सीमाचा आवाज खाली खाली चालला होता. महेंद्रला डुलकी लागली. त्याला दिसलं की तो रुळाच्या कडेनं चालतोय, प्रत्येक सिग्नलवर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं फिरतंय, आणि प्रत्येक सिग्नलखाली एक म्हातारा खुर्चीत बसलाय. म्हातारा काहीतरी सांगतोय, पण गाडी जात असल्यामुळं ऐकू येत नाही. आणि ही गाडी संपतच नाही.

*

महेंद्रनं बटण दाबलं. इनामगावात. बाविसाव्या दिवशी. पंखा घुमला, हिरवा दिवा लागला, कडं उगवलं आणि

पंखा घुमला, दिवा

"काय इंजिनिअर," विक्रम म्हणाला, "दौंडचं पाणी लागलं व्हय त्याला? आमचं गाव आवडंना झालंय जणू."

"घरी दहा वेळा चालू केला दादा. आईशप्पथ."

"शिरूरवाला बी हेच म्हणला हुता. सगळ्यांच्या घरी चालतंय. ज्याचं हाय त्याच्या घरी तेवढं न्हाई."

"वहिनी, घरातलं बाकी सगळं नीट चालतंय?"

"व्हय की. बल्ब लागत्यात, मोबाइल चार्ज व्हत्यात." सुलक्षणानं वर बघितलं. "पंखा तेवढा मरगळलाय. उन्हाळ्यात सगळेच मरगळत्यात."

पंखा खरंच हळू फिरत होता. पाती मोजता येत होती. महेंद्रनं सगळं बंद करून पुन्हा मीटर लावलं. दोनशे सव्वीस. मीटर खोटं बोलत नाही, असं त्याला नोकरीत शिकवलं होतं.

आप्पांनी ग्लासाच्या चित्रावर बोट आपटलं. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"दिलं की आत्ता पाणी," सुलक्षणा काकुळतीनं म्हणाली. "पोटात मावंल का आप्पा?"

ते बोट आता आपटताना तिरकं पडत होतं. ग्लासावर मारायला जावं आणि ताटावर पडावं. महेंद्रच्या ते लक्षात आलं. विक्रमच्याही आलं असावं. तो एकदम उठून अंगणात गेला.

*

आप्पांचं आतलं, जे कुठल्याच बटणावर पडलं नाही :

पाणी म्हणजे माझ्यासाठी नाही जमिनीसाठी खाली खाली जिथं मी तांब्याची पट्टी पुरली वीस वर्षांपूर्वी विक्रम तेव्हा होस्टेलला होता घर नवं होतं आणि खांब लांब होता मोटारीच्या पेटीतून एक फेज ओढली आणि दुसरी तार कुठून आणायची म्हणून जमिनीत खड्डा कमरेएवढा कोळसा मीठ कोळसा मीठ आणि पट्टी आणि तार वर आणून घरात घेतली सगळे असंच करायचे वीज घरात यायची आणि जमिनीतून परत जायची पण जमीन ओली पाहिजे सुकी जमीन वीज परत नेत नाही रोज संध्याकाळी एक बादली मी ओतायचो कुणाला सांगितलं नाही सांगण्यासारखं काय त्यात मग मी पडलो पण भांडी तिथंच घासायचे खरकटं पाणी तिथं जायचं जमीन पीत राहिली मग दिवाळीत माझी खुर्ची अंगणात फिरावी म्हणून पोरानं सिमेंटचे ब्लॉक बसवले चांगले बसवले एकही हलत नाही आणि भांड्यांची मोरी हलवली पलीकडं आणि खाली ती तहानलेली आहे मला ऐकू येतं रात्री ऐकू येतं आणि कार्डावर ग्लास आहे ताट आहे कमोड आहे जमीन नाही

*

महेंद्रनं बटण दाबलं. सव्विसावा दिवस. पंखा घुमला, दिवा लागला, कडं

त्यानं प्लग काढून टाकला.

सगळं सुन्न झालं. दुपारचे दोन वाजले होते. उसात वारा नव्हता. सुलक्षणानं जेवायला वाढलं होतं : पिठलं, भाकरी, कांदा, आप्पांसाठी कुस्करलेला भात. कुणी जेवत नव्हतं. विक्रम पहिल्या पाळीवरून आला होता, कारखान्याचा निळा शर्ट अंगातच होता.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "तीनदा आलात. तुमची तरी काय चूक. मी नवीन बघतो एखादा. पगार झाल्यावर."

"नवीन पण चालणार नाही," महेंद्र म्हणाला. का म्हणाला ते त्यालाच कळलं नाही. पण ते खरं होतं, हे म्हटल्यावर कळलं.

आप्पांनी कार्ड मांडीवरून खाली ढकललं. डावा हात लांब केला आणि जेवणाजवळचा तांब्या धरला. पेन न धरणाऱ्या त्या हातानं तांब्या कसा उचलला, कोण जाणे. सुलक्षणा धावली, पण तोवर त्यांनी तो पालथा केला होता. फरशीवर पाणी पसरलं. आप्पा वाकले, खुर्चीतून पडतील इतके वाकले, आणि ओल्या फरशीवर तळहात थापटला.

"आप्पा, अहो काय करताय?" विक्रमचा आवाज फुटला. "पाणी पायजे, पाणी दिलं. आता काय खेळायला पायजे व्हय?"

पाणी फरशीवरून उंबऱ्याकडं निघालं, उंबऱ्यावर क्षणभर थांबलं, आणि बाहेर अंगणात उतरलं.

महेंद्र त्याच्याकडं बघत होता. अकरा उन्हाळे तो रुळाच्या कडेनं कॅन घेऊन फिरला होता. प्रत्येक सिग्नलच्या पेटीशेजारी एक खड्डा, खड्ड्यात अर्थिंग, साहेबांचा हुकूम : पाणी घाला. का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. नोकरी होती. पाणी घालायचं आणि पुढं जायचं.

"आप्पा," तो म्हणाला. "अर्थिंग?"

आप्पांचा तळहात फरशीवर थांबला. मग त्यांनी वर बघितलं. डावा डोळा गळत होता.

"विक्रमदादा, घराला न्यूट्रल, वीज परत नेणारी तार, कुठनं आलीय? खांबावरनं तारा किती येतात?"

"एकच. मोटारीच्या पेटीतनं. का?"

"दुसरी जमिनीतनं आहे म्हणजे. आन् जमीन वाळलीय." महेंद्र उभा राहिला. "मीटरला दोनशे अठ्ठावीस दिसणारच की. मीटर काही खातच नाही, त्याला नुसता वास पुरतो. जुना पिवळा बल्ब आहे का घरात? तारेचा?"

"कोंबडीच्या पिलांच्या खोक्यात हाय, शंभराचा," सुलक्षणा म्हणाली आणि पळाली.

बल्ब लावला. तो लागला असं म्हणता येईना. आतली तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली, बस. घरातले सगळे एलईडी मात्र पांढरेशुभ्र जळत होते. ते थोडक्यात भागवत होते, म्हणून कुणाला काही कळलं नव्हतं.

"कुठंय खड्डा, आप्पा?"

विक्रमनं खुर्ची बाहेर ढकलली. ब्लॉकवरून ती छान घरंगळत गेली. आप्पांनी बोट केलं. हलत होतं तरी बोट एकाच जागेकडं होतं.

"हितं?" विक्रम म्हणाला. "म्या सोता बसवलेत हे. तुमच्यासाठीच." तो थोडा वेळ ब्लॉककडं बघत राहिला आणि मग पहार आणायला गेला.

"थांबा," महेंद्र ओरडला. "आधी मेन बंद. त्या तारेला कुणी हात लावायचा नाही. चपला घाला सगळ्यांनी."

सहा ब्लॉक निघाले. खाली माती राखेसारखी होती, आणि राखेत तांब्याचं हिरवं टोक.

मेन बंद. पाणी. मेन चालू. विक्रम दारातून ओरडला, "लाल!"

मेन बंद. दोन बादल्या, एक किलो खडेमीठ. जमिनीनं आवाज करत पाणी ओढलं. वर बुडबुडे आले, आणि मातीचा असा वास आला की सुलक्षणानं बादली खाली ठेवून नाक वर केलं. मेन चालू. "नारिंगी!"

मेन बंद. तीन बादल्या. कुणीच घाई करत नव्हतं. मधे थांबून सगळे खड्ड्यात बघत होते, तिथं आकाशाचा तुकडा पडायचा, लहान व्हायचा आणि आत जायचा. कितीक वेळ गेला. मेन चालू.

विक्रम काही ओरडला नाही. ते आत गेले तेव्हा बल्बाकडं बघवत नव्हतं. पंख्याची पाती दिसेनाशी झाली होती आणि कार्ड भिंतीपर्यंत उडालं होतं.

महेंद्रनं बटण दाबलं. पंखा घुमला, हिरवा दिवा लागला, कडं उगवलं, फिरलं, फिरलं, फिरत राहिलं. कडं मावळलं आणि निळं उजाडलं.

"हे असंच ठेवायचं नाही दादा," महेंद्र हळू आवाजात म्हणाला. "बोर्डात अर्ज करा, खांबावरनं न्यूट्रल घ्या. जमिनीच्या भरवशावर घर चालवणं धोक्याचं आहे. तोवर पाणी घाला, पण मेन बंद करूनच."

विक्रमनं मान हलवली. त्याचं लक्ष नव्हतं. आप्पांचं बोट कीबोर्डवर आलं होतं.

बोट वर तरंगत होतं. उजवीकडं गेलं, परत आलं. एक अक्षर दाबलं, चुकलं. दाबलं, चुकलं. खोलीत एवढी शांतता होती की स्टिकर बोटाला चिकटून सुटतानाचा आवाज ऐकू येत होता. सुलक्षणानं पदर तोंडाशी धरला. विक्रम मोजत होता, सव्वीस, सव्वीस, महिना झाला नाही अजून. बोट थांबलं. निघून मांडीवर गेलं. पडून राहिलं.

मग पुन्हा उठलं, आणि या वेळी 'न'च्या आजूबाजूला न घुटमळता त्याच्यावर सरळ उतरलं.

*नाव काय*

"कुणाचं, आप्पा?" विक्रम म्हणाला.

आप्पांनी मान वळवली. महेंद्रकडं.

"माझं? महेंद्र."

बोट पुन्हा तरंगायला लागलं. महेंद्र वाट बघत उभा राहिला. अशा घरांत नावानंतर आडनाव विचारतात, आणि आडनावानंतर थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही, हे त्याच्या सवयीचं होतं. अक्षरं एकेक करून येत होती.

*महेंद्र तीन वेळा आलात. मला कुणी सांगितलं नाही कोण*

"चुकलं आप्पा," विक्रम पुटपुटला.

महेंद्रला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. "आप्पा, माझंही चुकलं. दौंडला मी तुमची फाइल वाचली. बायकोनं मोठ्यानं वाचली, मी ऐकली."

सुलक्षणा आतल्या खोलीकडं निघाली होती, ती दारातच थांबली.

*कुठपर्यंत*

"शेवटपर्यंत."

बाहेर वारा सुटला. ऊस आधी लांब, मग जवळ, मग घराभोवती वाजला, आणि महेंद्रला पायाखाली घर सरकल्यासारखं झालं. आप्पा पडद्याकडं बघत होते. आपलंच बोलणं कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी बायकोच्या आवाजात झालेलं, ते आता इथं बसून ऐकत असावेत. तोंडाची डावी बाजू हलली. ते हसू होतं की नाही, सांगता आलं नसतं.

बोट खाली आलं. आता ते फारसं चुकत नव्हतं.

*मग आता तुमचं सांगा*

महेंद्रनं खुर्ची ओढली. त्याला इतकं थांबून कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मी बारा वर्षांचा असताना," तो म्हणाला, आणि अडकला.

आप्पा वाट बघत राहिले. त्यांना वेळ होता.